चारशे बारा पैकी

डिसेंबर संपून सात आठवडे झाले
आणि सूरमधल्या प्रांत कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
गेलं वर्ष अजून संपलेलं नाही.
खल्फान अल-मुखैनी एकेक फाइल छातीशी धरून आणतो,
झोपलेलं मूल पलंगावर नेऊन ठेवावं तसा,
आणि दर वेळी म्हणतो, ही शेवटची.

मग काहवा. आधी वेलची, मागून कॉफी.
पेला हलवला नाही तर तो भरतच राहतो
हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.
अण्णा स्थानिक निधी लेखापरीक्षणात होते.
दौऱ्यावर स्वतःचा थर्मास नेत:
ज्याची किर्द तपासायची, त्याचा चहा प्यायचा नाही.
मी पहिल्याच घोटानंतर पेला हलवते.
खल्फानला वाटतं, आवडली नाही.

रियालचे हजार बैसा. दशांशापुढे तीन घरं,
म्हणजे चुकायला आपल्यापेक्षा एक घर जास्त.
आमचं भांडण मोडक्या इंग्रजीत चालतं,
पण मधूनच तो हिसाब म्हणतो, बाकी म्हणतो,
आणि मला माझंच कपाट उघडल्यासारखं वाटतं.
रक्कम मात्र त्याच्याकडे नुसता आकडा.
पैसा तिला आमच्याकडे येऊन चिकटला.

मालमत्ता नोंदवही, पान साठ:
किनारा रस्ता, खजूर, नग चारशे बारा.
झाडाला नग म्हणायला
मला काही वाटेनासं झालंय.
घसारा लावायचा की नाही
यावर मस्कतशी चार पत्रं झाली.

मोजणीला पहाटे निघालो.
मी प्रत्येक बुंध्यावर खडूची रेघ ओढत होते,
मोतालेब पुढे पाइप ओढत होता,
बारा वर्षं नोआखाली सोडून इथे,
आणि खाडीपलीकडे लाकडी गलबतावर
कोणीतरी खिळे ठोकत होतं, माझ्या आकड्यांच्या आड येत.
चारशे नऊ.
दीपगृहाकडून उलट मोजत आले.
चारशे नऊ.

मग आळी मोजली. ती चारशे बाराच होती.
तीन बिनझाडांची, आणि तिन्ही ओली.

सोंड्या भुंग्यानं खाल्ली, मोतालेब म्हणाला.
पहिल्या आळ्यात त्यानं पुदिना लावला होता,
दुसऱ्यात मिरच्या, दोन पिकलेल्या.
तिसऱ्यात काही नव्हतं.
मग तिथे पाणी कशाला?
तो पाइपाकडे बघत म्हणाला,
कधी पाठवलंच झाड, तर माती मेलेली नको.

खल्फाननं फाइल आणली. ही शेवटची.
तीन रोपांची मागणी, तीन वर्षांची तीन पत्रं,
तिन्हींवर एकच शिक्का: पुढील वर्षी.

आमच्या कागदांत एक मर्यादा ठरलेली असते.
यंदा चाळीस हजार रियाल. तिच्याखालचं ते नगण्य,
त्यानं ताळेबंदाचं खरं आणि वाजवी चित्र बिघडत नाही.
तीन खजूर, मुळापासून धरून, दोनशे अकरा रियाल
सातशे पन्नास बैसा.
न लिहिलं तरी माझ्या सहीला काही होणार नव्हतं.
लिहिलं तर तीन नग निर्लेखित,
आणि पाणी नगावर मंजूर होतं.

अण्णांनी काय केलं असतं, हे मला माहीत आहे.
म्हणून विचारलं नाही.

चारशे नऊ लिहिलं.
खाली एक ओळ टाकली: तीन आळी रिकामी, निगा चालू,
रोपं येईपर्यंत पाणी तोडू नये.
मस्कतला कोणीतरी ती खोडेल.
ना मालमत्ता, ना देणं, कुठल्या खात्यात बसवतील?

इंग्रजी मसुद्यात आळ्याला शब्द सापडेना.
अरबीत काय म्हणता, मी खल्फानला विचारलं.
हौद, तो म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडेही आहे,
पण आमच्या हौदात झाड नसतं,
नुसतं पाणी.

तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, तिसऱ्यात तेच आहे,
आणि माझा पेला भरला.